क्रँक निघाला, चूक कुणाची? सायकलची झीज, दोष आणि वॉरंटीची भांडणं

नवी सायकल घेऊन दोन-तीन महिने झालेले असतात, चढावर उभं राहून पायडल मारताना डावा क्रँक, म्हणजे पायडल ज्याच्या टोकाला बसतं तो दांडा, किंचित हलतोय असं वाटत राहतं, आणि मग एक दिवस तो पायडलसकट निघून येतो. दुकानात नेली की दुकानदार क्रँकच्या भोकात बोट फिरवून बघतो आणि म्हणतो, "साहेब, ढिला असताना चालवलीत, हे वॉरंटीत बसत नाही." आपण म्हणतो, "अहो दादा, मी अजून हिला पाना लावलेला नाही, जोडून तुम्हीच दिलीत ना." इथून पुढे आवाज चढतात. सायकलवाल्यांच्या ज्या भांडणांमधे मी आजवर मधे पडलोय त्यात हे सगळ्यात जास्त वेळा येतं, आणि बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात.

कसं ते सांगतो. साध्या आणि मधल्या किमतीच्या बऱ्याच सायकलींमधे बीबीचा, म्हणजे दोन क्रँकच्या मधल्या फ्रेममधल्या बेअरिंगचा, एक्सल स्टीलचा असतो आणि त्याची टोकं चौकोनी, निमुळती असतात, त्याच्यावर ॲल्युमिनियमचा क्रँक दाबून बसवतात आणि बोल्ट आवळतात. हा बोल्ट किती आवळायचा हे ठरलेलं आहे, शिमानोच्या कागदावर ३५ ते ५० न्यूटन मीटर लिहिलेलं असतं, म्हणजे लांब दांड्याचा पाना घेऊन अंगाचा जोर लावावा लागतो, खिशातल्या छोट्या ॲलन कीने ते होणारच नाही. तेवढा आवळला नाही तर प्रत्येक पायडलला क्रँक केसभर सरकतो, स्टील कडक आणि ॲल्युमिनियम मऊ, त्यामुळे चौकोनी भोकाचे कोपरे हळूहळू गोल होतात, आणि एकदा गोल झाले की मग कितीही आवळा, चार दिवसांत परत ढिला. म्हणजे "ढिला चालवल्यामुळे गेला" हे दुकानदाराचं म्हणणं बरोबरच आहे. पण तो ढिला राहिला का, हा प्रश्न त्याने विचारलेलाच नसतो, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा दुकानातल्या पहिल्या जोडणीत किंवा न झालेल्या पहिल्या सर्व्हिसिंगमधे असतं.

म्हणून "कंपनीची चूक की माझी" एवढ्या दोनच बाजू धरून भांडलं की गाडी अडते. पार्ट जायची कारणं साधारण चार. कारखान्यातला दोष, म्हणजे वेल्डिंगमधे पोकळी राहिली, माल चुकीचा लागला किंवा डिझाइनच चुकलं. दुसरं जोडणी. तिसरं झीज. चौथं मार, म्हणजे खड्डा, अपघात, कॅरिअरवर झेपणार नाही एवढं वजन. वॉरंटी कागदावर फक्त पहिल्याला असते, दुसऱ्याची जबाबदारी दुकानाची, आणि तिसरं-चौथं आपल्या खिशातून. आता हे बोलायला सोपं आहे, पण तुटलेल्या तुकड्यावर कारण छापून आलेलं नसतं, आणि कंपनीचा माणूस, दुकानदार, गिऱ्हाईक, तिघांनाही आपापल्या सोयीचं कारण आधी दिसतं.

झीज सगळ्यात सोपी, कारण ती मोजता येते. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर नवीन असताना १२.७ मिलीमीटर असतं, म्हणजे अशी २४ अंतरं मोजली तर ३०४.८ मिलीमीटर भरली पाहिजेत. चेन "ताणली" असं आपण म्हणतो पण लोखंड काही रबरासारखं ताणलं जात नाही, आतल्या पिना आणि पट्ट्या घासून प्रत्येक जोडात थोडी थोडी जागा होते आणि सगळ्या मिळून चेन लांब होते. ३०४.८ च्या जागी साधारण ३०६.३ भरली तर ती अर्धा टक्का झिजली, ११ आणि १२ स्पीडला, म्हणजे मागे तेवढी दातेरी चक्रं असलेल्या सायकलला, तिथेच बदलायची, ८-९ स्पीडला पाऊण टक्क्यापर्यंत चालून जातं. बाजारात चेन चेकर मिळतो तो हेच मोजतो. आता यातून होणारा वाद बघा, माणूस झिजलेली चेन वर्षानुवर्षं चालवतो, मग नवीन टाकतो, आणि चढावर जोर लावला की चेन दातांवरून उडी मारते. तो चेन घेऊन दुकानात भांडायला येतो की डुप्लिकेट माल दिला. चेन चांगलीच असते, जुन्या चेनने मागच्या कॅसेटचे, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांच्या संचाचे, दात घासून स्वतःच्या मापाचे करून ठेवलेले असतात आणि नवीन चेन त्यात बसत नाही. हा क्लेम जगात कुठेही मान्य होणार नाही.

पावसाळ्यात तर झिजेचा वेग बघून लोक हादरतात. ताम्हिणीत किंवा कोकणात भर पावसात लाल माती उडवत दोन-तीन मोठ्या राइड केल्या की रिम ब्रेकचे शू निम्मे संपू शकतात, कारण माती आणि पाणी मिळून सँडपेपरचंच काम करतात, आणि तेच शू उन्हाळ्यात कितीतरी जास्त टिकले असते. त्यात कंपनीचा दोष नाही. डिस्क ब्रेक असेल तर डिस्कही झिजते, शिमानोची डिस्क नवीन असताना १.८ मिलीमीटर जाड असते आणि १.५ ला आली की बदलायची, ते बहुतेक वेळा डिस्कवरच लिहिलेलं असतं. रिम ब्रेकवाल्यांनी रिमच्या बाजूची बारीक खाच बघावी, ती दिसेनाशी झाली की रिम संपली. अशा रिमवर टायरची हवा पूर्ण भरलेली असताना कड फाटू शकते, आणि ती पुढच्या चाकाची असेल तर थेट तोंडावर पडायला होतं, त्यामुळे वॉरंटी मिळो न मिळो, ती रिम बदलाच.

पण इथे एक गोष्ट बऱ्याच लोकांना माहीत नसते आणि दुकानदारही सांगत नाहीत. वॉरंटी कार्डावर लिहिलेलं असतं की टायर, ट्यूब, ब्रेक शू, चेन, केबल, ग्रिप यांना वॉरंटी नाही. बहुतेक कंपन्यांच्या अटी नीट वाचल्या तर त्यात "नॉर्मल वेअर अँड टेअर" वगळलेलं असतं, म्हणजे हे पार्ट झिजले तर मिळणार नाहीत. त्यांच्यात मुळातच दोष असेल तर तो विषय वेगळा. ब्रेक पॅडचं मटेरियल आठवड्याभरात पत्र्यापासून सुटून आलं, नव्या टायरला काहीही न लागता बाजूने फुगा आला, टायरची तार कडेतून बाहेर निघाली, याला झीज म्हणत नाहीत. टायरला बाहेरून कापल्याची खूण असेल तर काचेने किंवा दगडाने गेला, तशी काही खूण नसताना आतले धागे सुटून फुगला असेल तर क्लेम करा, आणि "टायरला वॉरंटी नसते" एवढ्या उत्तरावर परत येऊ नका.

आता खरा अवघड भाग, कारण मोठ्या पैशांचे वाद इथेच होतात. धातू थकतो. एखादी तार हातात घेऊन तिच्या ताकदीपेक्षा कितीतरी कमी जोराने मागे-पुढे वाकवत राहिलात तर एकदा वाकवून ती तुटत नाही, पण शेवटी तुटतेच. सायकलच्या फ्रेमला, क्रँकला, हँडलला, सीटपोस्टला (सीटखालच्या नळीला) हेच दर पायडलला आणि दर खड्ड्याला होत असतं. पोलादाचं असं आहे की ताण एका ठरावीक मर्यादेच्या खाली राहिला तर ते जवळपास कितीही वेळा सहन करतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, ताण कमी ठेवला तर आयुष्य खूप लांबतं पण ते मोजलेलंच असतं. म्हणून ॲल्युमिनियमच्या नळ्या जाड्या आणि फुगीर करतात. चांगल्या डिझाइनची फ्रेम साध्या वापरात वर्षानुवर्षं जाते, पण वेल्डिंग नीट झालं नसेल, आत बारीक पोकळी असेल, सांध्याशी धार राहिली असेल तर तिथून क्रॅक सुरू होतो आणि महिनोन् महिने कुणालाही न दिसता वाढत जातो. मग एके दिवशी सपाट रस्त्यावर, काहीही न होता फ्रेम तुटते. "मी नुसता चालवत होतो" हे वाक्य जगभरचे मेकॅनिक रोज ऐकतात, इंग्रजी बोलणाऱ्या दुकानांमधे त्याला जेआरए असं टोपणनाव सुद्धा आहे, जस्ट रायडिंग अलाँग, आणि ते ऐकलं की मेकॅनिक लोकांना आधी संशयच येतो कारण बऱ्याचदा पुढच्या रिमला खड्ड्याचा चेपा असतो आणि गिऱ्हाईक सांगत नाही. पण थकव्याने तुटलेल्या पार्टच्या बाबतीत हेच वाक्य शंभर टक्के खरं असू शकतं, त्या क्षणी खरंच काही झालेलं नसतं, जे व्हायचं ते आधीच आत होऊन गेलेलं असतं.

त्यामुळे तुटलेला भाग वाचता आला पाहिजे, आणि ते थोडंफार कुणालाही जमतं. तुटलेल्या तोंडावर दोन वेगळे भाग दिसतात का ते बघा. एक भाग काळपट, मळलेला, त्यातल्या त्यात गुळगुळीत, कधी कधी त्यावर एका बिंदूभोवती वाकड्या रेषा, आणि दुसरा भाग ताजा, चमकदार, साखरेसारखा दाणेदार. तसं असेल तर काळपट भाग म्हणजे जुना क्रॅक, ज्यात पाणी आणि धूळ जाऊन बसली होती, आणि चमकणारा भाग म्हणजे शेवटच्या क्षणी उरलेली जागा तुटली ती. हा थकवा. याच्या उलट सगळं तोंड एकसारखं ताजं आहे आणि आजूबाजूची नळी वाकली-चेपली आहे तर एकदाच मोठा मार बसलाय. एवढ्याने अर्धं उत्तर मिळतं, उरलेलं उत्तर क्रॅक कुठून सुरू झाला यात असतं. त्या रेषा ज्या बिंदूभोवती आहेत तो बिंदू वेल्डिंगच्या कडेला किंवा आत असेल तर कंपनीला प्रश्न विचारायला जागा आहे. तो बिंदू जुन्या चेप्यावर असेल, घरी ड्रिल करून पाडलेल्या भोकावर असेल, किंवा सीटपोस्ट "मिनिमम इन्सर्शन"च्या, म्हणजे किमान एवढी आत हवीच अशा, रेघेच्या वर काढून चालवल्यामुळे सीट ट्यूबच्या तोंडाशी असेल तर क्लेम जवळजवळ गेला. म्हणून तुटलेली दोन तोंडं एकमेकांवर ठेवून जुळवून बघायचा मोह होतो तो टाळा, घासून पुरावा जातो, पुसू नका, तेल मारू नका, आधी उन्हात जवळून फोटो काढा आणि कागदात गुंडाळून ठेवा. कार्बन फायबरच्या पार्टला हे काही लागू नाही, तिथे धागे सुटतात आणि चिरडतात, डोळ्याने बघून सांगणं अवघड, फक्त क्लॅम्पच्या खाली गोल चिरडल्याची खूण असेल तर बोल्ट जास्त आवळला होता एवढं कळतं. स्टेमवर, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्यावर, ५ न्यूटन मीटर किंवा काय असेल तो आकडा छापलेला असतो, तो मोजायला टॉर्क पाना लागतो, तेव्हा कुणी आवळला हे बिलात यायला हवं.

मागच्या चाकाचे स्पोक हा तर कायमचा विषय. गिअरच्या बाजूचा स्पोक हबपाशी, जिथे वाकतो तिथे, तुटतो. दुकानदार म्हणतो वजन जास्त आहे. मॅन्युअलमधे सायकल किती वजन घेते हे लिहिलेलं असतं, ते आधी बघा, त्याच्या आत असाल तर हे उत्तर ऐकून घ्यायचं कारण नाही. एखादा स्पोक कशानेही तुटेल, पण बदलला की दुसरा, तो बदलला की तिसरा, आणि रिमला चेपा नाही, असं चालू झालं तर चाक मुळात ढिलं बांधलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. ढिल्या स्पोकवरचा ताण चाकाच्या प्रत्येक फेरीत पार सुटतो आणि परत येतो, म्हणजे तोच थकवा. अशा वेळी एकेक स्पोक टाकून चाकाचा आऊट (डोलणं) काढत बसण्यात अर्थ नाही, सगळ्या स्पोकचं टेन्शन मोजून द्या किंवा चाक बदलून द्या अशी मागणी करायची, आणि ती रास्त आहे.

झीज, वापर आणि दोष यांच्यातली रेघ किती पुसट असते हे बघायचं तर शिमानोच्या क्रँकचं प्रकरण बघा. ड्युरा-एस आणि अल्टेग्रा हे रोड सायकलचे त्यांचे वरचे दोन ग्रुप, म्हणजे गिअर-ब्रेक-क्रँकचे संच, त्यातला ११ स्पीडचा हॉलोटेक टू क्रँक आतून पोकळ, ॲल्युमिनियमचे दोन भाग गोंदाने चिकटवून केलेला. हलका आणि ताठ, शर्यतीवाल्यांच्या आवडीचा. काही क्रँकमधे हा चिकटवलेला सांधा सुटायला लागला आणि चालवता चालवता क्रँक उकलून तुटायचा. अशा तुटलेल्या क्रँकचे फोटो सोशल मीडियावर कित्येक वर्षं जमत होते. शेवटी २१ सप्टेंबर २०२३ ला अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने रिकॉल जाहीर केला, अमेरिकेत साधारण ६ लाख ८० हजार आणि कॅनडात ८० हजार क्रँक, सांधा सुटल्याच्या ४,५१९ तक्रारी आणि सहा जणांना दुखापत, त्यात हाड मोडल्याचेही प्रकार होते. जगभरातला आकडा सुमारे २८ लाख. १ जून २०१२ ते ३० जून २०१९ या काळात बनलेले क्रँक यात येतात, मॉडेल एफसी-६८००, एफसी-आर८०००, एफसी-९०००, एफसी-आर९१०० आणि पॉवर मीटरवालं एफसी-आर९१००-पी. क्रँकच्या मागच्या बाजूला दोन अक्षरांचा कोड असतो, पहिलं अक्षर वर्षाचं आणि दुसरं महिन्याचं, केएफ पासून आरएफ पर्यंतचे कोड या यादीत आहेत. बाकीच्या देशांतही दुकानात फुकट तपासणी आणि सांधा सुटल्याची खूण असेल तर बदली असं धोरण ठेवलं.

आणि मला खटकतं ते इथेच. तपासणीत खूण दिसली तर नवीन क्रँक, नाही दिसली तर तोच घेऊन घरी. सांधा आतून सुटायला लागलेला असेल आणि बाहेर अजून रेघ आली नसेल तर दुकानातला मेकॅनिक दिव्याखाली धरून काय बघणार? ज्या दोषाची सुरुवात आत आहे त्याचा निकाल बाहेरच्या नजरेवर सोपवणं, आणि ती जबाबदारी दुकानदाराच्या गळ्यात मारणं, हे मला पटत नाही. तुमच्याकडे यातला क्रँक असेल तर एकदा तपासून "ओके" मिळालं म्हणून विसरून जाऊ नका, दर सर्व्हिसिंगला सांध्याची रेघ बघायला सांगा, आणि क्रँकमधून नवीन कुरकुर यायला लागली तर चालवणं थांबवा.

या प्रकरणातून अजून एक गोष्ट घ्यायची. रिकॉल आणि वॉरंटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वॉरंटी बहुतेक कंपन्यांची पहिल्या मालकालाच असते, मुदतीची असते, बिल लागतं. रिकॉल किंवा तपासणीची मोहीम पार्टला असते, तो पार्ट आज कुणाच्या सायकलवर आहे याच्याशी फारसा संबंध नाही. पुण्या-मुंबईत आणि बंगळुरात सेकंडहँड रोड सायकली भरपूर फिरतात, ६८०० ग्रुपच्या तर खूपच, त्या घेताना क्रँकचा कोड बघून घ्या. तसंच २०१५ मधे ट्रेक या सायकल कंपनीने पुढच्या चाकाच्या क्विक रिलीजसाठी, म्हणजे पान्याशिवाय चाक काढायच्या दांड्यासाठी, अमेरिकेत नऊ लाखांच्या आसपास सायकली रिकॉल केल्या होत्या, तो दांडा १८० अंशांपेक्षा जास्त उघडायचा आणि सैल राहिला तर डिस्कमधे अडकायचा, एका स्वाराला त्यातून कायमचं अपंगत्व आलं. तिथे झीजही नव्हती आणि मारही नव्हता, डिझाइनमधेच खोट होती. दांडा पूर्ण उघडा ठेवून तो आणि डिस्क यांच्या मधे पेन्सिल जाते का बघायची, नाही गेली तर दांडा बदला. जुन्या डिस्क ब्रेकवाल्या सायकलवर आजही ही तपासणी करून बघण्यासारखी आहे.

आता "लाइफटाइम वॉरंटी" या शब्दाबद्दल. हे लाइफ तुमचं नाही आणि बऱ्याचदा पूर्ण सायकलचंही नाही. साधारणपणे ती फक्त फ्रेमला असते, पहिल्या मालकाकडे असेपर्यंत असते, रंगाला आणि गंजाला नसते, उड्या मारल्या, शर्यतीत वापरली किंवा भाड्याने दिली तर नसते, आणि काही कंपन्या तर ठरावीक दिवसांत ऑनलाइन रजिस्टर केलं तरच देतात. बिल कुणाच्या नावावर आहे हे घेतानाच बघा, भावाच्या नावावर घेतली आणि चालवताय तुम्ही, तर नंतर हाच मुद्दा काढून क्लेम अडकवतात. ऑनलाइन घेतलेली सायकल खोक्यातून ८५ टक्के जोडून येते, उरलेली जोडणी घरी केली तर क्रँक, पायडल किंवा हँडलचा कुठलाही क्लेम "अधिकृत मेकॅनिककडून जोडली नाही" म्हणून परत येऊ शकतो. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, ते जबरदस्तीने सुलट्या दिशेने बसवून क्रँकचे आटे घालवणारे लोक भरपूर आहेत, आणि ते आटे बघितले की मेकॅनिकला एका नजरेत कळतं. चारशे-पाचशे रुपये जातील, पण दुकानात जोडून घ्या आणि त्याचं बिल घ्या. पहिली सर्व्हिसिंगही त्याच कारणासाठी चुकवू नका, शिक्का आणि तारीख घ्या, सुरुवातीचा क्रँकचा वाद त्या एका शिक्क्यावर सुटतो.

आपल्याकडचा कायदा म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला. कंपनीच्या वॉरंटी कार्डावर "आमचा निर्णय अंतिम" असं लिहिलेलं असलं तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा त्याने बंद होत नाही. बिलावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" छापलेलं असतं त्याचंही तसंच, सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हे या कायद्यात अनुचित व्यापार प्रथेत मोडतं. जोडणीचा मुद्दा तर कायद्यात चक्क लिहिलेला आहे, विकणाऱ्याने माल जोडताना किंवा तपासताना वाजवी काळजी घेतली नाही आणि त्यामुळे इजा झाली तर कलम ८६ खाली विक्रेता जबाबदार. पण एक बारकावा, या प्रॉडक्ट लायबिलिटीच्या भागात "हानी" म्हणजे तुम्हाला झालेली इजा किंवा तुमच्या दुसऱ्या वस्तूचं नुकसान, तुटलेली सायकल स्वतः त्यात धरत नाहीत. म्हणजे क्रँक तुटून हात मोडला तर हाताच्या खर्चासाठी हा रस्ता, आणि नुसता क्रँक बदलून हवाय तर "सदोष वस्तू" किंवा "सेवेतली त्रुटी" म्हणून साधी तक्रार. आणि वस्तूचा गैरवापर झाला होता किंवा तिच्यात फेरफार केला होता असं निघालं तर विक्रेत्यावर कलम ८७ प्रमाणे दावा चालत नाही, घरी ड्रिल मारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

तक्रार जिल्हा आयोगात, तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनी लुधियानात आहे की चेन्नईत याने फरक पडत नाही. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची. त्याआधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बघा, बरीच प्रकरणं कंपनीला तिथून विचारणा गेल्यावरच मिटतात. खाणं पोचवायला सायकल वापरणाऱ्या मुलांना "तुमचा वापर व्यावसायिक आहे, तुम्ही ग्राहकच नाही" असं सांगितलं जातं, ते पूर्ण खरं नाही, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरत असाल तर कायद्याने तुम्ही ग्राहकच आहात, फक्त कंपनीच्या वॉरंटीत व्यावसायिक वापर वगळलेला असू शकतो, या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नका.

तक्रार लिहिताना दुकान आणि कंपनी दोघांनाही पार्टी करा आणि कुणी नेमकं काय चुकवलं हे वेगवेगळं लिहा. गोव्यातल्या एका कारच्या प्रकरणात डीलरने जुन्या मॉडेलची, आधीच चाललेली गाडी देऊ केली होती, खालच्या आयोगांनी कंपनीलाही जबाबदार धरलं, पण फेब्रुवारी २०२१ मधे सुप्रीम कोर्टाने कंपनीला सोडलं, कारण डीलर आणि कंपनी यांचा व्यवहार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचा होता आणि त्यात कंपनीने स्वतः काय केलं हे तक्रारीत आलंच नव्हतं. सायकलला हे तसंच लागू पडतं, जोडणीची चूक कंपनीच्या नावावर लिहिली आणि वेल्डिंगची दुकानाच्या नावावर, तर दोघंही सुटतील.

आणि आपल्याकडे सगळ्यात जड गोष्ट म्हणजे दोष होता हे सिद्ध करायचं ओझं गिऱ्हाईकावर असतं. इंग्लंडमधे २०१५ च्या कायद्याप्रमाणे पहिल्या सहा महिन्यांत दोष निघाला तर तो विकतानाच होता असं धरून चालतात आणि नव्हता हे विकणाऱ्याने दाखवायचं, युरोपियन युनियनमधे हीच मुदत किमान एक वर्ष आहे. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे "आमच्याच दुकानात सर्व्हिसिंग केलं नाही म्हणून वॉरंटी रद्द" असं कंपनीला सरसकट म्हणता येत नाही. लंडनला किंवा न्यू जर्सीला असलेल्या आपल्या मंडळींनी हे वापरावं. इथे मात्र कलम ३८ खाली आयोग वस्तू सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो, तसा अर्ज तुम्ही स्वतः करा, कारण प्रयोगशाळेचा अहवाल नसेल तर समोरचा एका ओळीत "खड्ड्यात घातली" म्हणतो आणि तुमच्याकडे दाखवायला काही राहत नाही. त्या अहवालासाठी मूळ तुकडा लागतो.

म्हणून पार्ट तुटला की दुकानात टाकून येऊ नका. क्लेमसाठी द्यावाच लागला तर जॉब शीटवर काय दिलं, कुठल्या अवस्थेत दिलं आणि बीबीखालचा फ्रेम नंबर लिहून घ्या, फोटो स्वतःकडे ठेवा. खड्ड्यात गेली होती तर तसं सांगा, रिम आणि फोर्क बघून ते कळतंच, आणि एकदा खोटं पकडलं गेलं की खरा मुद्दाही कुणी ऐकत नाही. शिवाय अपघाताने गेलेल्या फ्रेमवर बऱ्याच कंपन्या क्रॅश रिप्लेसमेंट म्हणून सवलतीत नवी फ्रेम देतात, ते खरं सांगणाऱ्यालाच मिळतं. दुकानदाराशी भांडण्याआधी त्याचीही बाजू बघा, क्लेम त्याच्याकडून डिस्ट्रिब्युटरकडे आणि तिथून कंपनीकडे जातो, नकार वरून येतो आणि तोंड त्याला द्यावं लागतं, बऱ्याचदा पार्ट बदलायची मजुरीही त्याला कुणी देत नाही. तो आपल्या बाजूने चार ओळी लिहील असं वागलात तर क्लेमचं वजन वाढतं. पण नकार तोंडी घेऊ नका, ईमेलवर कारणासकट मागा. "वॉरंटीत बसत नाही" एवढंच आलं तर परत विचारा, झीज म्हणताय तर माप किती भरलं, मार म्हणताय तर खूण कुठे आहे, चुकीची जोडणी म्हणताय तर कुणी जोडली. या तीन प्रश्नांची लेखी उत्तरं द्यायची वेळ आली की बरेच नकार बदललेले मी बघितलेत.

आणि पार्ट बदलून मिळाला तर तो घेतानाच विचारून ठेवा की याची वॉरंटी नव्याने सुरू होते की जुन्या बिलाच्या तारखेपासून चालू राहते. बहुतेक कंपन्या उरलेलीच मुदत देतात, आणि तोच पार्ट परत त्याच जागी तुटला तर पहिल्या वेळचे फोटो आणि जॉब शीट तेव्हा लागतील.